खोकल्याच्या अटी

दाजीसाहेब पिसाळांच्या आत्मचरित्रातून काढून टाकलेला खोकला मंगळवारी सकाळी साडेनऊ वाजता सुहास कवठेकरच्या स्टुडिओत येऊन बसला आणि परत ध्वनिमुद्रणात जायचं तर आपल्या अटी लेखी मान्य झाल्या पाहिजेत, असं म्हणाला.

तो मध्यम बांध्याचा होता, अंगात फिकट रंगाचा सफारी आणि मांडीवर रेक्झिनची बॅग. सुहासने त्याला पाणी दिलं. आल्यागेल्याला पाणी विचारायची रीत कराडात अजून आहे.

खरं तर अटी घालायचा हक्क सुहासचा होता. लोकांनी रेकॉर्ड केलेले आवाज स्वच्छ करून देणं हा त्याचा बारा वर्षांचा धंदा. दाजीसाहेब त्याचे हायस्कूलचे मुख्याध्यापक. निवृत्तीनंतर त्यांनी आत्मचरित्र लिहिलं, ते कुणी वाचेना म्हणून स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड केलं आणि "घरचंच काम समज" असं सांगून सव्वीस प्रकरणं सुहासच्या गळ्यात मारली. घरच्या कामाचा दर विचारायला त्याची जीभ रेटली नाही. सरांचा फोन आला की तो अजूनही खुर्चीतून उठून उभा राहायचा, आणि उभ्या उभ्या फक्त 'हो सर' एवढंच म्हणता येतं.

आधी सर म्हणाले, खोकला तेवढा सगळा काढ. सुहासने चारशे बारा ठिकाणचा खोकला एकेक करून काढला. मग म्हणाले, पाचव्या प्रकरणातला राहू दे. मग पाचव्यातला नको, नवव्यातला. मग तोही नको. मग मागे जरा बासरी घाल. मग बासरी काढ. हे सगळं सांगणारे फोन कधी जेवताना, कधी रविवारी, एकदा तर दाढी करताना आले, आणि प्रत्येक फोनच्या शेवटी "एवढंच, शेवटचं" असायचं. दहाव्या बदलाला सुहासच्या बायकोने, वृषालीने, हात टेकले.

"अहो, तुमच्या कामाबद्दल माझं काही म्हणणं नाही," ती म्हणाली. "पण ह्याला काम म्हणायचं कसं? एक तारखेपर्यंत सरांशी काय ते बोलून घ्या. नाहीतर दादाच्या टाइल्सच्या दुकानात बसा. तिथं निदान सातला शटर पडतं."

एक तारीख गुरुवारी होती. टाइल्सशी सुहासचं वैर नव्हतं. पण बारा वर्षं कान घासून कमावलेली विद्या गुंडाळून लोकांना बाथरूमच्या फरश्या दाखवत बसायचं, हे त्याला नुसतं मनातसुद्धा आणवत नव्हतं.

अकरावा बदल सोमवारी आला. सगळा खोकला परत घाल, असा. कारण असं, की तो काढल्या दिवसापासून सरांना खोकलाच येत नव्हता. पूर्वी व्हरांड्यात त्यांचा खोकला ऐकू आला की अख्खी शाळा चिडीचूप व्हायची. घरी सून टीव्ही बारीक करायची. आता ते खोलीत येऊन उभे राहिले तरी कुणी मान वर करत नव्हतं. "मी घरात आहे का नाही तेच कळंना रे कुणाला," सर म्हणाले. सुहासला खरोखर वाईट वाटलं, आणि म्हणून तो अकराव्यांदा 'हो सर' म्हणाला.

तर खोकल्याने बॅगेतून फुलस्केप काढून त्याच्यापुढे ठेवला. कामाची वेळ दहा ते सहा, मध्ये जेवणाची सुट्टी. दोन बदल ठरलेल्या मानधनात, तिसऱ्यापासून वेगळं मानधन. निम्मी रक्कम आगाऊ. रविवारी बोलावू नये.

"असं सरांना सांगता येतं?" सुहासने विचारलं.

"चाळीस वर्षं नाही सांगितलं. खडूच्या धुळीत फुकट राबलो," खोकला म्हणाला. "तुम्ही काढलंत तेव्हा जरा उसंत मिळाली, विचार केला. चारशे बारा ठिकाणी पुन्हा जाऊन बसायचं, हे काय गमतीचं काम आहे?"

अकरा वाजता दाजीसाहेब स्वतः आले. खोकल्याला बघून ते क्षणभर दारातच थबकले. मग त्यांनी कागद उचलला, चष्मा लावला, आणि त्यांचा चेहरा उजळत गेला.

"डावीकडे समास. वर दिनांक. खाली विषय. शेवटी 'आपला विश्वासू'. शाब्बास! अर्ज असा असतो." त्यांनी सही केली आणि खिशातून निम्मी रक्कम काढून खोकल्यापुढे ठेवली. घासाघीस नाही, काही नाही.

सुहासच्या डोक्याची शीर उठली. "सर, दोन महिने मी मान मोडून काम करतोय. मला तुम्ही चहाचे पैसेसुद्धा विचारले नाहीत. माझं काय?"

"तुझं काय?" सरांनी मनापासून विचारलं. "तू कधी काय मागितलंस? तुझा अर्ज कुठाय?"

सुहासने कागद ओढला आणि खोकल्याच्या अटी शब्दशः उतरवून काढल्या.

"कॉपी केलीस?" सर म्हणाले.

"माझी हरकत नाही," खोकला म्हणाला.

सरांनी खिशातलं लाल पेन काढलं. समास अरुंद होता. सुहासने अर्ज पुन्हा लिहिला. विषयाखाली रेघ नव्हती. सुहासने तिसऱ्यांदा लिहिला. सरांनी तो वरपासून खालपर्यंत वाचला आणि एका शब्दाभोवती लाल गोल केला.

"हे 'मागणी' बरं नाही दिसत. 'नम्र विनंती' कर. एवढंच, शेवटचं."

सुहास त्या लाल गोलाकडे बघत राहिला. मग त्याने पेनचं टोपण लावलं.

"सर, दोन दुरुस्त्या झाल्या. तिसरीचे पैसे वेगळे पडतील."

"मला सांगतोस?"

"हो सर." 'हो सर' म्हणताना पहिल्यांदाच तो बसून होता.

सरांनी बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात शेजारच्या खुर्चीतला खोकला एकदाच, व्हरांड्यातल्यासारखा, खोकला. सर चिडीचूप झाले. चाळीस वर्षं इतरांचं काय होत असेल ते त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. मग त्यांनी 'मागणी' तशीच ठेवून सही केली, आगाऊ रक्कम टेबलावर ठेवली आणि आवाज न करता जिना उतरून गेले.

काम लगेच सुरू झालं. खोकला पहिल्या प्रकरणापासून एकेका जागी जाऊन बसत गेला. एक वाजता बाहेर येऊन त्याने डबा खाल्ला, मेथीची भाजी सुहासलाही दिली. दुपारी वृषाली चहा घेऊन आली, टेबलावरचा सहीचा कागद तिने दोनदा वाचला आणि तिथूनच भावाला फोन लावला. "दादा, ह्यांची वाट बघू नकोस रे," ती म्हणाली. सहा वाजता नववं प्रकरण संपलं आणि खोकला बॅग आवरू लागला.

सहा वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला. सरांचा होता. सुहास ताडकन उठून उभा राहिला.

दाराशी चपला घालत असलेल्या खोकल्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "येतो. उद्या दहाला," म्हणाला आणि दार ओढून घेऊन गेला.

फोन वाजतच होता. सुहास खाली बसला.