फुफूचं पुढं काय झालं

आमच्या अक्काला गोष्ट सांगणं म्हणजे फौजदारापुढं जबाब देण्यासारखं होतं. गोष्टीत आलेला एकही जीव तिच्या नजरेतून सुटत नसे. आमच्या हळ्ळीखेडच्या देवळात एकदा पुराणिकबुवांनी राजाला घोड्यावरून उतरवून थेट राणीच्या महालात नेलं. बायका डोळे पुसायला लागल्या होत्या. तेवढ्यात मागून अक्का म्हणाली, "बुवा, घोडा कुठं बांधला?" बुवांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. तिनं पुन्हा विचारलं. शेवटी राणीला तशीच रडत ठेवून बुवांनी घोडा पागेत नेला, वैरण टाकली, तेव्हा कुठं कथा पुढं सरकली.

ही माझी थोरली आत्या. लग्न म्हणजे काय हे कळायच्या आत विधवा झाली आणि भावाच्या, म्हणजे माझ्या अप्पांच्या, घरी परत आली. सगळ्या गावाची ती अक्का, म्हणून माझीही अक्काच.

निजामाचं राज्य होतं. मी गुलबर्ग्याच्या कॉलेजात इंग्रजी वाङ्मय शिकायला निघाले तेव्हा अप्पांनी एकच अट घातली: अक्का संगं राहील. खोलीवर, रस्त्यात आणि वर्गातसुद्धा. मी तेव्हा सतरा वर्षांची होते आणि स्वतःला निम्मी विलायती समजत होते. एक भुवई वर उचलायचा सराव आरशापुढं चालायचा. अशा मुलीच्या मागून इरकली लुगड्यातली, दातांना मिस्री लावलेली अक्का रस्त्यानं हाका मारत यायची, "अगं, पदर सावर, धूळ झाडायलीस सगळ्या बाजाराची."

वर्गात मुलगी मी एकटीच. म्हणून एका कोपऱ्यात जाड हिरवा पडदा टांगला होता आणि त्यामागच्या बाकावर आम्ही दोघी. प्रोफेसरसाहेब हैदराबादचे. शेरवानीची सगळी बटणं लावून यायचे, कादंबरीचं एक पान इंग्रजीत वाचायचे आणि मग उर्दूत समजावायचे. घोळ झाला तो इथंच. नुसत्या इंग्रजीनं अक्काला दाराबाहेर ठेवलं असतं. पण उर्दू तिला बाजारानं शिकवली होती.

पहिल्याच आठवड्यात कादंबरीतला नायक भर पावसात बग्गीतून उतरला आणि मिस क्लाराच्या दिवाणखान्यात शिरला. पडद्यामागून आवाज आला, "साब, वो गाडीवाला पानी मेंच खड़ा है क्या?"

मी डोळे मिटून घेतले. साहेबांना एवढंच माहीत होतं की पडद्यामागं मुलीबरोबर एक म्हातारी बाई जप करत बसते. ते म्हणाले, "शाबाश, बेटी. ये सवाल तो लिखनेवाले को भी नहीं सूझा."

मी घसा खाकरून "शुक्रिया" म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

झालं, तेव्हापासून वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी मी. मुलं माझ्या बुद्धीला वचकून असत. अक्काचं त्याकडं लक्षच नव्हतं. तिला गाडीवाल्याची काळजी होती.

साहेब आमच्याकडून इंग्रजीत गोष्टीही लिहून घेत. माझ्या गोष्टीत एमिली नावाची फिकट मुलगी तळ्याकाठी बर्फात बसून प्रेमभंगानं मरत असे. बर्फ मी एकदाच पाहिला होता, सोडावाल्याच्या दुकानात, लाकडाच्या भुशात गुंडाळलेला. तो आनंद माझ्या लिखाणात दिसायचा. मी अक्काला ती गोष्ट मराठीत वाचून दाखवली.

"ही खाली बसलीय ती नुसत्या बर्फावर?"

"हो. दुःखात आहे ती."

"मग उठीव की तिला. दुःखात हाय म्हणून काय घोंगडं बी टाकू नये?"

साहेबांनी त्या गोष्टीवर शेरा मारला: सवाल अच्छे करती हो, कहानी कमज़ोर है.

तर त्या कादंबरीत मिस क्लाराची एक फुफू होती, बापाची बहीण. क्लाराला आई नव्हती, फुफूनंच तिला वाढवलं. सुरुवातीला ती पानोपानी दिसायची. क्लाराचं लग्न ठरलं आणि फुफू जी गेली ती गेलीच. अक्का रोज परतताना म्हणायची, "आज बी फुफू आली न्हाई."

"अक्का, ती गौण पात्र आहे."

"म्हंजे?"

"म्हणजे तिचं एवढं महत्त्व नाही."

"पोरीच्या वेण्या घालायपुरती होती म्हण की."

त्याच सुमारास गाडीवानाबरोबर हळ्ळीखेडहून निरोप आला. कॉलेजनं मुलीसाठी आया ठेवल्याचं अप्पांना कळलं होतं. आता अक्काची गरज नव्हती. तिकडं ज्वारीची रास जवळ आली होती, ते पुढच्या आठवड्यात तिला न्यायला येणार होते. मी मनातल्या मनात खोलीच्या खिडकीला लेसचे पडदे लावून टाकले. अक्का गाडीवानाला एवढंच म्हणाली, "किताब संपू द्या म्हणावं."

किताब संपली. क्लाराचं लग्न झालं, पाहुणे पांगले, साहेबांनी पुस्तक मिटलं. तेव्हा अक्कानं विचारलं, हळू आवाजात, "साब, फुफू किधर गई?"

पानं चाळल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. "बेटी," साहेब म्हणाले, "फुफू का कुछ नहीं हुआ. लिखनेवाला भूल गया. तुम लिख लो."

संध्याकाळी अक्का गाठोडं बांधत होती. मी दौत-टाक घेऊन बसले. खरं तर मला साहेबांना गोष्ट लिहून द्यायची होती आणि एमिलीला मारून मारून कंटाळा आला होता.

"अक्का, फुफूचं काय झालं ते सांग. मी लिहिते."

"मला काय ठावं? मला कोण काय विचारायलंय घरात, म्हणून मला सांगता यावं?" तिनं गाठ मारली, सोडली, पुन्हा मारली. मग माझ्याकडं न बघता सांगू लागली. "लगीन झालं. पोरगी गाडीत बसली. फुफूनं अंगण झाडलं. मांडव उतरला. मग गाडी वळली."

"काय राहिलं होतं?"

"सामान न्हवतं राहिलं." तिनं गाठ आवळली. "तिलाच न्यायला वळली."

मी ते इंग्रजीत लिहिलं. माझ्या त्या वयाच्या मानानं बरंच साधं लिहिलं.

दुसऱ्या दिवशी अप्पा आले. बैल सोडायच्या आतच म्हणाले, "अक्का, चल लवकर." तिनं गाठोडं उचललं. आणि मी, भुवई उचलणारी, लेसच्या पडद्यांची मालकीण, अप्पांचं धोतर धरून म्हणाले, "अप्पा, अक्काला नेऊ नका. मला एकटीला भ्या वाटतंय."

"कशाचं भ्या? आया हाय न्हवं?"

"आयाचंच वाटतंय."

अप्पांनी कपाळावर हात मारला. "हिला कॉलेजात घातलीय का पाळण्यात?" असं पुटपुटत, आणलेली ज्वारी खोलीत टाकून ते रिकामी गाडी घेऊन गेले.

अक्कानं गाठोडं सोडलं. लुगडी एकेक करून परत दांडीवर टाकली. शेवटचं लुगडं टाकायला तिला फारच वेळ लागला. मग तशीच, माझ्याकडं पाठ करून म्हणाली, "भित्री कुठली."