पाहुणेबंदी तूर्त कायम

साथ अधिकृतरीत्या संपली, त्याच संध्याकाळी आमच्या इमारतीच्या आरोग्य दक्षता समितीची तातडीची बैठक झाली. विषय एकच होता: आता समितीचं काय करायचं. मी समितीचा अध्यक्ष. साथीच्या आधी मला या इमारतीत कोणी विचारत नव्हतं. पाण्याची टाकी गळते असं सांगायला गेलो तर लोक ‘बघू, बघू’ म्हणत जिना उतरायचे. साथ आली आणि माझ्या सहीशिवाय दूधवाल्याला आत पाऊल टाकता येईना. अशा माणसाला न विचारता साथ संपल्याचं एकदम जाहीर करून टाकायचं, याला काय म्हणावं? निदान विश्वासात तरी घ्यायचं.

बैठकीत सखोल विचार झाला. साथ संपली हे सगळ्यांनाच मान्य होतं, पण ती परत येणार नाही असं कुणीही लेखी दिलेलं नव्हतं. तसं लेखी मिळेपर्यंत पाहुण्यांना इमारतीत प्रवेश नाही, हा नियम तूर्त चालू ठेवावा असं ठरलं. ‘तूर्त’ हा शब्द मीच सुचवला. नियमाला एकदा तूर्त चिकटवलं की पुढे त्याच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही.

पहिली अडचण आली ती तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंची. काकू त्यांच्या मुलाकडे राहतात. मुलगा बँकेत मोठ्या हुद्द्यावर आहे, सून शांत स्वभावाची आहे, घरात कशाला काही कमी नाही. काकूंना एक थोरली बहीण आहे, तिला सगळे अक्का म्हणतात. ही अक्का शहराच्या दुसऱ्या टोकाला एकटी राहते. साथीच्या आधी ती यायची, मुक्काम करायची, आणि या दोघी अंथरुणावर पडून दिवा मालवला तरी बोलत राहायच्या. भिंतीपलीकडच्या लोकांनी त्याबद्दल माझ्याकडे तक्रारही केली होती. साथ सुरू झाल्यापासून दोघींची भेट नव्हती.

“अक्का थकली हो फार,” काकू माझ्या दारात उभ्या राहून म्हणाल्या. “फोनवर बोलता बोलता मध्येच गप्प होते. मला तिला माझ्याकडे आणायचंय. तिच्या उशाशी बसायचंय थोडं. पुढचं कुणी बघितलंय?”

“काकू, तुमच्या भावना समितीपर्यंत पोचल्या असं समजा,” मी म्हणालो.

“पण समिती म्हणजे तुम्हीच ना?”

“अध्यक्ष वेगळा आणि समिती वेगळी, काकू. मी व्यक्तिशः तुमच्याच बाजूचा आहे.”

आम्ही काही दगडाच्या काळजाचे नव्हे. सायकली ठेवायच्या जागेत एक भेट-कक्ष उभारायचा निर्णय आम्ही चुटकीसरशी घेतला. मध्ये काच, काचेला बोलण्यासाठी गोल भोक, अलीकडे रहिवासी, पलीकडे पाहुणा. उद्घाटनही माझ्याच हस्ते झालं, म्हणजे फीत मी कापली आणि टाळ्या समितीने वाजवल्या.

अक्का आली. फाटकावर आमचा पहारेकरी असतो, त्याला सगळे कॅप्टन म्हणतात. ताप मोजायचं ते पिस्तुलासारखं यंत्र त्याने अक्काच्या कपाळावर रोखलं आणि खणखणीत आवाजात ‘नॉर्मल’ म्हणून सांगितलं. मी शेजारीच उभा होतो. यंत्राच्या पडद्यावर आकडाच दिसेना.

“कॅप्टन, यात बॅटरी आहे का?”

“नाही साहेब. केव्हाच संपली.”

“मग नॉर्मल कशावरून म्हणतोस?”

“साहेब, मी सगळ्यांनाच नॉर्मल म्हणतो. आजवर एकाचीही तक्रार नाही.”

ही बाब गंभीर होती. समितीची पुन्हा बैठक बसली. नवी बॅटरी घालावी असं एका सदस्याचं मत पडलं. पण बॅटरी घातली तर एखाद्याला खरोखरच ताप निघायचा, आणि ताप निघालेल्या माणसाचं काय करायचं याची पद्धत आपल्याकडे ठरलेली नाही, हे मी सर्वांच्या नजरेस आणून दिलं. सगळे विचारात पडले. शेवटी यंत्र आहे त्या स्थितीत वापरात ठेवावं आणि कॅप्टनने ‘नॉर्मल’ जरा सौम्य आवाजात म्हणावं, असं सर्वानुमते ठरलं.

तर अक्का भेट-कक्षात पोचली. काचेचं भोक आम्ही उभ्या माणसाच्या तोंडाच्या उंचीवर ठेवलं होतं. अक्काचे गुडघे गेलेले, तिला उभं राहवेना. खुर्ची दिली तर भोक डोक्याच्या वर गेलं. मग दोघी समोरासमोर बसून एकमेकींना फोन लावून बोलू लागल्या. काकू अधूनमधून काचेवर हात ठेवायच्या, आणि त्या गेल्यावर कॅप्टनला तेवढी काच पुसून घ्यावी लागायची. अक्का कितीदा तरी आली. भर उन्हात दोन बस बदलून यायची, तासभर बसायची आणि तशीच परत जायची.

हे पाहून माझ्या लक्षात एक साधी गोष्ट आली. बोलणं जर फोनवरच व्हायचं असेल, तर काकूंनी तीन मजले उतरून यायची दगदग कशाला? त्यांनी वर घरातूनच बोलावं. तसं सुरू झालं. पण मग काकू वर आणि अक्का खाली एकटीच काचेशी. हेही बरं दिसेना. जर काकू खाली येणार नसतील तर अक्काने तरी शहराच्या त्या टोकाहून इथवर का यावं? तिनेही आपल्या घरूनच बोलावं. अशा रीतीने त्या भेटीतल्या सगळ्या अडचणी आम्ही एकेक करून दूर केल्या. भेट-कक्षात आता पुन्हा सायकली असतात.

या व्यवस्थेचा बोलबाला झाला. आजूबाजूच्या इमारतींचे लोक आमचं परिपत्रक मागून नेऊ लागले. मी हात आखडता घेतला नाही. चांगलं काम पसरावं असं मला मनापासून वाटतं.

आणि इमारतीतले लोक? वरवर बघाल तर सगळे माझ्या नावाने बोटं मोडत होते. येता-जाता कुठल्याही दारावरून जा, आतून तेच ऐकू यायचं: “अहो, या ना, आम्हाला काय नको आहे का? पण आमचा अध्यक्ष महाखडूस. कुण्णाला सोडत नाही बघा.” आणि एवढं बोलून फोन ठेवला की आत पंखा वाढवून लोक मजेत सोफ्यावर पाय पसरायचे. कुणाच्या नणंदा, कुणाचे साडू, कुणाचे सुट्टीत मुलांसकट येऊन ठाण मांडणारे मित्र, सगळे परस्पर बाहेरच्या बाहेर कटले. आमची सौ. सुद्धा तिच्या मावसभावाला म्हणाली, “घरातच अध्यक्ष असला तरी काय उपयोग, माझंच चालत नाही इथे.” हे सांगताना ती इतकी हळहळली की क्षणभर मलाच वाईट वाटलं. माझी बदनामी चौफेर झाली, पण पाण्याची टाकी मात्र मी न सांगता लोकांनी दुरुस्त करून घेतली.

काकूंनी मात्र हेका सोडला नाही. “सगळ्या लोकांना विचारा,” त्या म्हणाल्या. “माझ्यासारखं सगळ्यांनाच वाटत असेल. तुमच्या एकट्याच्या म्हणण्यावर इमारत चालायची का?”

तेव्हा मी सर्वसाधारण सभा बोलावली. सभा अर्थातच ऑनलाइन. सगळे एकाच इमारतीत, आपापल्या घरात, आपापल्या पडद्यासमोर. एकाचं बोलणं आधी भिंतीतून ऐकू यायचं आणि मग यंत्रातून, त्यामुळे प्रत्येक मुद्दा दोनदा पटायचा.

भाषणं काय सुंदर झाली म्हणता. पहिल्या मजल्यावरच्या डॉक्टरांनी सांगितलं की माणूस माणसाला भेटला नाही तर खंगतो, हे शास्त्रानेच म्हटलं आहे. वकीलबाईंनी अशी बंदी कायद्याला धरून नाही असं बजावलं. एक गृहस्थ तर आईच्या आठवणीने गहिवरले. पण सगळ्यांवर कडी केली ती काकूंच्या मुलाने. “साथीने आपल्याला काय शिकवलं?” तो म्हणाला. “आपली माणसं जवळ असणं हीच खरी श्रीमंती. माझ्या आईच्या डोळ्यांतलं पाणी मी रोज बघतो. तिच्यासाठी तरी हा नियम मोडीत काढा.” पडद्यावर टाळ्या वाजवणारे हात भराभर उगवले. काकूंनी पदराने डोळे पुसले. त्या वेगळ्या खोलीतून, स्वतःच्या फोनवरून हजर होत्या. फोन त्यांनी खाली धरला होता, त्यामुळे आम्हाला त्यांची हनुवटी आणि फिरता पंखा तेवढा दिसत होता.

मी मतदान पुकारलं. आधी सगळ्यांनी कॅमेरे बंद करावेत. मग ज्या घराला नियम रद्द व्हावा असं वाटतं, त्याने आपला कॅमेरा चालू करावा. इतकं सोपं.

सगळे चौकोन काळे झाले. मी वाट पाहिली. डॉक्टरांचा चौकोन काळाच राहिला. वकीलबाईंचा काळा. आईच्या आठवणीने गहिवरलेल्या गृहस्थांचाही काळा. त्या सगळ्या अंधारात एकच चौकोन उजळला, त्यात एक हनुवटी होती आणि एक पंखा.

“काकू, मत घरामागे एक आहे,” मी नियम सांगितला. “ते घर ज्याच्या नावावर आहे त्याचं. तुमच्या घराचं मत तुमचा मुलगा देईल.”

काकूंनी फोन जवळ घेऊन पडदा निरखून पाहिला. मग त्या म्हणाल्या, “बाळा, तुझा बंद दिसतोय. ते कॅमेऱ्याचं चित्र आहे ना खाली, ते दाब. दाब बघू.”

मुलाचा चौकोन काळाच.

“अरे दाब ना. सगळे थांबलेत. येऊ का मी तिकडे दाखवायला?”

“नेट गेलंय आई,” मुलगा म्हणाला. त्याचा आवाज आधी भिंतीतून आला, मग फोनमधून, अगदी स्पष्ट.

थोड्या वेळाने काकूंचा चौकोनही काळा झाला. ठराव एकमताने फेटाळला गेल्याची नोंद मी करून घेतली. सभा खेळीमेळीत संपली.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू पिशवी घेऊन उतरल्या आणि थेट अक्काच्या घरी गेल्या. पण अक्काच्या इमारतीनेही नुकतंच आमचं परिपत्रक लागू केलेलं. तिथल्या पहारेकऱ्याने काकूंना ‘नॉर्मल’ म्हटलं आणि फाटकाबाहेर उभं केलं. शब्दन् शब्द आमचाच होता, हे मला मागाहून कळलं आणि खोटं कशाला बोलू, अभिमान वाटला. अक्का वरून खाली आली. दोघी काही वेळ फुटपाथवर बसल्या. मग अक्का परत वर गेली ती आपलीही पिशवी घेऊनच उतरली. आता दोघी बसस्थानकामागच्या एका साध्याशा लॉजवर राहतात. जिथे फक्त पाहुण्यांनाच घेतात, अशी शहरात तीच एक जागा उरली आहे. दिवा मालवल्यावर आवाज येतो म्हणून शेजारच्या खोलीवाल्यांनी तिथेही तक्रार केली आहे म्हणे.

काकू गेल्या त्याच आठवड्यात त्यांचा मुलगा माझ्याकडे आला. चेहरा पडलेला होता, तसा तो पाडता येतो त्याला.

“एक विचारायचं होतं,” तो म्हणाला. “समजा आई परत आली, तर ती रहिवासी धरायची की पाहुणी?”

“तशी तरतूद नाही आपल्याकडे,” मी म्हणालो. “लिहायची राहून गेली.”

“मग लिहून टाका. उगाच नंतर वाद नकोत.” तो उठला आणि दारात जरा घुटमळला. “माझं हल्ली बरंचसं काम घरूनच असतं. तिची खोली तशी रिकामीच आहे. टेबल लावून घेतलंय तिथे.”

मी तरतूद लिहिली. तूर्त.

आता तुम्ही चुकचुकत असाल. काय माणसं आहेत, पोटच्या पोराने आईशी असं वागावं, आणि हा अध्यक्ष तर काय विचारूच नका. चुकचुका, मला सवय आहे. पण गेल्या रविवारी दुपारी तुमच्या दारावरची बेल वाजली, तेव्हा तुम्ही टीव्हीचा आवाज बंद केलात, पोरांना डोळ्यांनी गप्प बसवलंत आणि श्वास रोखून बसून राहिलात. आम्हाला निदान यासाठी समिती लागते, सभा घ्यावी लागते, परिपत्रक काढावं लागतं. तुम्ही घरच्या घरी भागवलंत. बेल दुसऱ्यांदा जरा दबकतच वाजली होती. मग कुणीतरी कठड्याला धरून, एकेका पायरीवर थांबत जिना उतरून गेलं, आणि ती पावलं कुणाची आहेत हे तुम्हाला दार न उघडताही कळलं होतं.