भोंग्याचे निद्रा-प्रशिक्षण

सदर घरातील बाळाने कधी झोपावे, हा प्रश्न बाळाच्या जन्मापासून विचाराधीन होता. बाळ आठ महिन्यांचे झाले तरी प्रश्न होता तिथेच होता, आणि बाळ जागे होते.

बाळाचे कागदोपत्री नाव चांगले भारदस्त होते. पण त्याचा आवाज पहिल्यांदा कानी पडला त्याच दिवशी आजीने त्याला 'भोंगा' म्हटले आणि पुढे तेच रूढ झाले. भोंगा खांद्यावर झोपे, आणि पाळण्याला पाठ टेकताच जागा होऊन घर डोक्यावर घेई. त्याचे वडील तक्रार निवारण खात्यात उपसाहेब होते. पाणी, दिवे, रस्ते, गटारे यांबद्दल शहरात जी काही बोंब होई, ती त्यांच्या खिडकीपाशी येऊन थांबे.

भोंग्याला एकट्याने झोपायला शिकवावे, याला उपसाहेबांचा तत्त्वतः पाठिंबा होता. फक्त वेळ योग्य हवी. दात येताहेत, तोवर नको. सर्दी झालीय, ती जाऊ दे. सर्दी गेली, पण परत येईलसं वाटतंय, तेव्हा ती एकदा येऊन जाऊ दे. घरात पाहुणे आहेत. पाहुणे गेले, बिचाऱ्याला घर सुनं वाटत असेल.

"मग कधी?" बायको विचारी.

"यथावकाश," उपसाहेब म्हणत.

बायको दातांची डॉक्टर होती. इतरांच्या दवाखान्यांत वर्षानुवर्षे राबून तिने घराखालच्या मजल्यावर स्वतःचा दवाखाना थाटला होता. एके दिवशी भर दुपारी ती वर आली आणि खुर्चीत कोसळली.

"आज काय झालं माहितीये? दाढ काढायला वाकले आणि पेशंटच्या छातीवर डोकं ठेवून झोपले."

"अरे बापरे. मग?"

"मग काय! तो हललाच नाही. आ वासून पडून राहिला. नर्स उठवायला आली तर तिलाच म्हणतो, झोपू द्या हो बाईंना, दमल्यात."

"भला माणूस."

"भला? दचकून उठले आणि त्या गडबडीत त्याची चांगली दाढ उपटली मी! आणि जाताना थँक्यू म्हणून गेला!" तिने हातमोजे काढून टेबलावर आपटले. "हे बघा साहेब, या आठवड्यात ठरवा. नाहीतर मी दवाखान्याला कुलूप लावते. झोपेत लोकांच्या तोंडात हत्यारं घालणं मला नाही जमायचं."

एरवी ती 'अरे' म्हणे. 'साहेब' निघाले म्हणजे पाणी गळ्याशी आले आहे, हे उपसाहेबांनी ओळखले. त्यांनी आजीला बोलावून तातडीची बैठक लावली. बायकोने बाळांच्या झोपेवरचे एक पुस्तक उघडले.

"बाळाला जागेपणीच पाळण्यात ठेवायचं आणि खोलीबाहेर यायचं. रडलं तरी लगेच जायचं नाही. थोड्या वेळाने जायचं, थोपटायचं, मी आहे हं म्हणायचं, पण उचलायचं नाही. परत बाहेर. पुढच्या खेपेला आणखी उशीर लावायचा. असं करत करत बाळाला कळतं की रडून काही होत नाही. मग ते आपलं आपण गप्प होतं."

उपसाहेबांनी चहाचा कप खाली ठेवला.

"अगं, हे पुस्तक आमच्या खात्यातल्या कुणी लिहिलंय का?"

"म्हणजे?"

"म्हणजे हेच तर करतो आम्ही! माणूस खिडकीशी येतो, रडतो. आम्ही आत चहा घेतो. मग शिपाई जातो, पाठीवर हात ठेवतो, काम चालू आहे म्हणतो आणि परत येतो. पुढच्या खेपेला आणखी उशिरा जातो. शेवटी माणूस आपला आपण गप्प होतो. आम्ही त्याला तक्रार निवारण म्हणतो."

"माझा नातू रडणार आणि मी दाराबाहेर बसणार?" आजी उसळली. "त्यापेक्षा मलाच घाला पाळण्यात! आणि तुला रे कुणी शिकवलं होतं झोपायला? नोकरी लागली आणि आपोआप जमलं."

आजीचा विरोध मोडून काढणे आवश्यक होते. खात्याच्या प्रथेप्रमाणे उपसाहेबांनी अभ्यास दौरा काढला, आणि दुसऱ्या दिवशी आजी, बायको व भोंगा कार्यालयात दाखल झाले.

दिवाणखान्यासारखा मोठा हॉल होता. बाकांवर माणसे बसली होती, आणि पंख्याची कुरकुर सोडली तर कुणाचीच कुरकुर नव्हती.

"हे बेकरीवाले," उपसाहेबांनी एका बाकाकडे अभिमानाने बोट दाखवले. "दुकानासमोरच्या गटाराला झाकण नाही. सुरुवातीला फार त्रास दिला यांनी. हातपाय आपटायचे. आता बघा. येतात, बसतात, जातात. त्या शिलाईवाल्या मावशी. दारासमोरचा दिवा बंद. आता नुसता सुस्कारा टाकतात, तोही हळूच."

"किती गुणी आहेत," बायको भारावून म्हणाली.

आजीला मात्र राहवेना. ती सरळ बेकरीवाल्याशेजारी जाऊन बसली आणि त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. "काय झालं रे बाबा? बराच वेळ बसलायस. काही खाल्लंस का?"

"आई, उचलायचं नाही!" उपसाहेब ओरडले. पण उशीर झाला होता. बेकरीवाल्याचा ओठ थरथरला. पुढच्याच क्षणी त्याने असा गळा काढला की काचा हादरल्या. "आजी, माझी हातगाडी गेली हो गटारात! पावांसकट!" ते ऐकून मावशींना भरून आले. मग पलीकडच्या बाकाने सूर लावला. कुणी पाण्यासाठी, कुणी खड्ड्यासाठी, सगळा हॉल ढसाढसा रडू लागला. वर्षानुवर्षांच्या प्रशिक्षणावर एका म्हातारीने पाणी फिरवले होते. शिपाई थोपटत धावत होते, पण हात पुरे पडेनात.

उपसाहेबांनी घाबरून भोंग्याकडे पाहिले. आपल्यापेक्षा मोठ्याने रडणारेही या जगात आहेत, हे भोंगा प्रथमच पाहत होता. त्याने आधी तोंड मिटले, मग डोळे. बायकोने त्याला हलकेच टेबलावर ठेवले. तो उठला नाही! शेजारच्या बाकावर कलंडून तीही घोरू लागली.

पुढची कार्यवाही ओघाने आलीच. रोज संध्याकाळी तक्रारदारांना उपसाहेबांच्या घरी बोलावण्यात येऊ लागले. पाळण्याभोवती खुर्च्या मांडल्या गेल्या. बेकरीवाला खर्जात सुरुवात करी, मावशी वरचा सूर धरीत, खड्ड्यात पाय मुरगळलेले कोरसमध्ये लंगडत येत. भोंगा ढाराढूर झोपे. बायकोच्या डोळ्यांखालची वर्तुळे गेली आणि दवाखान्यात पुन्हा योग्य त्या दाढा निघू लागल्या. तक्रारदारही खूश होते, कारण आजी त्यांना चहा देई आणि मन लावून ऐके.

आणि मग घात झाला. खात्यात नव्यानेच लागलेल्या एका इंजिनिअरने, त्याला अजून पद्धत माहीत नसल्यामुळे, बेकरीसमोरच्या गटारावर झाकण बसवले.

त्या संध्याकाळी बेकरीवाला गरम पाव घेऊन हजर झाला. "साहेब, आता काय सांगून रडू? तोंडावरचं हसू आवरेना!" तो हसला आणि पाळण्यातून भोंगा वाजला.

"या माणसाला काही माणुसकी?" उपसाहेब इंजिनिअरवर संतापले. बेकरीवालाही मनाने मोठा. भोंग्याचे हाल बघवेनात म्हणून त्याने स्वतः पहार आणून झाकण उचकटले आणि पुन्हा रडायला येऊन बसला. पण त्या रडण्यात पूर्वीची कळ राहिली नव्हती. भोंगा स्वतः या धंद्यात मुरलेला असल्याने त्याला खोटे रडणे लगेच कळे. मावशींचाही सूर उतरला. "सवय झाली हो आता," त्या म्हणाल्या, "अंधारातसुद्धा सुई ओवता येते मला." एकेक करून सगळे पुन्हा गुणी झाले. भोंगा जागा राहू लागला, आणि खालच्या दवाखान्यात बायको पुन्हा पेशंटवर कलंडू लागली.

तेव्हा खात्याच्या इतिहासात कधी घडले नव्हते ते घडले. उपसाहेब तक्रारी गोळा करायला स्वतः दारोदार निघाले.

"नळाला पाणी येतं का?"

"नाही येत. पण आमच्याकडे पाहुणेही नाहीत सध्या."

"समोर एवढा खड्डा पडलाय!"

"असू दे हो. त्यामुळे गाड्या हळू जातात."

"अहो, मग तक्रार करा की!"

"छे छे! कशाला उगाच?"

"रडा हो!" उपसाहेब शेवटी एका दारात हात जोडून उभे राहिले. "तुमच्यासाठी नको, माझ्या लेकरासाठी रडा!" आतून कुणीतरी बाहेर आले, त्यांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "होईल हं सगळं ठीक," आणि दार लावून घेतले.

ते दार तुमचे होते. तुमच्याही गल्लीतला दिवा बंद आहे, हे उपसाहेबांनी येताना पाहिले होते. तुम्हीही पाहिला असेल, म्हणजे तो चालू होता तेव्हा. काही बोलायचे आहे का त्याबद्दल? नाही ना? वाटलेच.

भोंगा अजून जागा आहे. त्याची आईही. आणि उद्या सकाळी तुम्हाला दाढ काढायला तिच्याकडेच जायचे आहे. ती चुकीची दाढ उपटेल, तेव्हा तुम्ही हूं की चूं करणार नाही. रुमाल गालाला लावून उठाल, पैसे द्याल आणि थँक्यू म्हणाल. कुणाला घाबरून नव्हे. लहानपणापासून इतके छान झोपता तुम्ही.