कालिमानच्या मनातली इस्त्री

सापारबेक वीजखात्यात मीटर वाचायचा आणि नारीन गावातल्या मेजवान्यांमध्ये लोकांची मनं. "जादूबिदू काही नाही हो, नुसता खेळ," असं तो आधीच सांगून टाकी. म्हणजे फसला तर खेळ आणि जमला तर चमत्कार.

त्या रविवारी वर्गमित्रांची बैठक ओरोझबायच्या घरी होती. दर महिन्याला एकाकडे जमायचं, मटण खायचं, चहा प्यायचा आणि कोण किती म्हातारं झालं ते बघून घ्यायचं, असा रिवाज. बाहेर ढग इतके खाली उतरले होते की दुपारीच दिवे लावावे लागले.

सापारबेक आणि त्याची बायको कालिमान तिथे आले ते एकमेकांशी एक शब्द न बोलता. तिच्या वडिलांना जाऊन वर्ष झालं म्हणून कोचकोरला तिच्या भावाकडे जेवण घातलं होतं. सापारबेक तिथे पोचला तेव्हा मौलवी घरी गेले होते आणि कढई घासून पालथी पडली होती. एका मेजवानीत लोकांनी त्याला "अजून एकच, अजून एकच" म्हणत अडकवून ठेवलं होतं. तेव्हापासून कालिमान गप्प होती. माफी मागावी असं त्याला रोज वाटे, पण सुरुवात कशी करायची ते सुचत नसे, म्हणून तोही गप्प होता.

जेवणं झाली तसा ओरोझबाय म्हणाला, "चल रे, कर सुरू. नाहीतर ही मंडळी गुडघेदुखीवर येतील."

सापारबेकने पाठ फिरवली आणि ओरोझबायच्या बायकोला, अनारकानला, अंगठी एका मुठीत लपवायला सांगितली. "आता ती मूठ कपाळाला लाव आणि अंगठीचाच विचार कर. झाला? हात खाली घे, दोन्ही मुठी पुढे धर." मग वळून त्याने बरोबर मूठ दाखवली. वर धरलेल्या हातातलं रक्त उतरतं आणि तो फिका दिसतो, एवढंच त्यात होतं. पण अनारकानने अंगठी पुन्हा बोटात घालताना ती नीट तपासून घेतली.

मग त्याचा नेहमीचा खेळ. त्याला बाहेर काढलं, सगळ्यांनी मिळून चहाची किटली ठरवली आणि त्याला आत बोलावलं. कालिमान एकेका वस्तूकडे बोट दाखवू लागली. "ही उशी?" नाही. "हा आरसा?" नाही. "ओरोझबायचे बूट?" नाही. "किटली?" हो. काळ्या वस्तूच्या, म्हणजे आज बुटांच्या, पाठोपाठ जी येईल तीच खरी, ही नवराबायकोतली जुनी खूण. आज कालिमान घाईघाईने बोट दाखवत होती आणि मध्येच भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती. ती कंटाळली असेल, असं सापारबेकला वाटलं.

"एक जीव आहेत हो दोघं," अनारकान म्हणाली. "आमचे हे तर मीठ कुठे ठेवलंय तेसुद्धा ओळखत नाहीत. सापारबेक, आता वस्तू नको. कालिमानच्या मनात या घडीला काय चाललंय ते सांग."

यासाठी खूण नव्हती. सगळे वाट बघत होते. कालिमान ताटलीतल्या तळलेल्या बोरसोकाचा तुकडा करत होती, खात नव्हती. तिने मान वर केली नाही. बायकांच्या मनात काय असतं याचा सापारबेकने घाईघाईने अंदाज बांधला.

"इस्त्री," तो म्हणाला. "घरी चालू राहिली की काय, असं तिच्या मनात येतंय."

कालिमानने दचकून त्याच्याकडे पाहिलं आणि लगेच शाल उचलली. "हो, तेच. मी बघून येते. तुम्ही बसा सगळे."

"एकटी कशी जाशील?" ओरोझबाय उठला. "वीजखात्यातल्याचं घर इस्त्रीने जळालं तर गावात तोंड दाखवायला जागा राहायची नाही."

"अहो, दोन गल्ल्या तर आहेत. खरंच नको."

पण अनारकानने पाण्याची बादली घेतली होती, कुणी घोंगडी घेतली होती, आणि तिचं "नको" ऐकायला खोलीत कुणी उरलंच नाही. सगळी बैठक बर्फ तुडवत निघाली. कालिमान सगळ्यांच्या पुढे जवळजवळ धावत होती. तिला किती काळजी आहे, असं मागचे एकमेकांना सांगत होते.

घरातून धूर येत नव्हता. फाटकापुढे टॅक्सी उभी होती. टपावर दोन ट्रंका आणि कालिमानच्या आईने माहेराहून दिलेला लोकरीच्या नमद्याचा गालिचा दोरीने बांधलेला. ड्रायव्हर हात चोळत म्हणाला, "ताई, किती उशीर. कोचकोरला जाणारी बाकीची माणसं खोळंबलीत. आणखी काही सामान आहे का? परतायचं नसल्यासारखंच आवरलंय."

अनारकानच्या बादलीतलं पाणी तिच्या बुटांवर सांडत राहिलं.

सापारबेक ट्रंकांकडे बघत होता. ओरोझबायने त्याच्याकडे पाहिलं, कालिमानकडे पाहिलं आणि घसा खाकरला. "म्हणजे इस्त्रीचं निमित्त होय! बायको माहेरी निघाली, तर आम्हाला निरोप द्यायला आणलंस. आधी सांगितलं असतंस तर बरोबर मटण तरी बांधून दिलं असतं."

सगळ्यांना सुटल्यासारखं झालं. बायकांनी कालिमानला मिठ्या मारल्या, भावाला नमस्कार सांगितले. ओरोझबायने तळवे पुढे धरून दुआ मागितली, प्रवास सुखाचा होवो म्हटलं आणि सगळ्यांनी चेहऱ्यावरून हात फिरवले. सापारबेकनेही फिरवले.

तो टॅक्सीच्या काचेशी वाकला. "कालिमान, मला ठाऊक नव्हतं."

"ते मला ठाऊक आहे," ती म्हणाली. "इस्त्री कुठून सुचली तुम्हाला?"

"दुसरं काही सुचलं नाही."

"डब्यात पीठ आहे," ती म्हणाली आणि काच वर घेतली. टॅक्सी वळणाआड गेली.

"बरं, आता सांग," अनारकान म्हणाली, "परत कधी येणार ती?"

"मला नाही कळत," सापारबेक म्हणाला.

मंडळी हसली. त्या दिवसातलं सगळ्यात मोठं हसू तेच.

"ताणतोय," ओरोझबाय म्हणाला. "उगाच घाई करू नका त्याला." आणि सगळे बाह्यांत हात घालून, त्याच्याभोवती बर्फात, उत्तराची वाट बघत उभे राहिले.