खडूच्या मृत्यूची चौकशी

अभ्यासिकेत खडू मेला तेव्हा भरदुपार होती आणि इतिहासकार बाई फोनवर लोकशाही वाचवत होत्या.

खडू म्हणजे त्यांच्या लेकीचा ससा. पांढरा, गुबगुबीत, कागद कुरतडायचा नाद असलेला. त्या नादापायी त्याला अभ्यासिकेत बंदी होती, पण ज्यांनी बंदी घातली त्याच दार उघडं टाकून बसत. खोलीत एक खुर्ची सोडली तर बाकी सगळा कागद होता. भिंतीला टेकून चौकशी आयोगाच्या अहवालाचे जाडजूड खंड एकावर एक रचलेले होते, कमरेइतके उंच. फार वर्षांपूर्वी काड्यापेट्यांच्या एका कारखान्याला आग लागली होती, त्या आगीची ही चौकशी. फाटकाला बाहेरून कुलूप होतं, म्हणून माणसं आत जळाली. कुलूप लावल्याचा ठपका रखवालदारावर आला, आणि रखवालदारही आतच जळून मेला होता. बाहेरून कुलूप लावून तो आत कसा गेला, हे विचारायला आयोगाला वेळ मिळाला नाही. बाई त्यावर पुस्तक लिहीत होत्या, आणि इतकी वर्षं लिहीत होत्या की लेक ते पुस्तक ऐकतच मोठी झाली होती.

फोनवर नागरिक आघाडीचे सरचिटणीस होते. निवडणूक तोंडावर आलेली, आघाडीची पत्रकं बाईच लिहून द्यायच्या, आणि आजचं पत्रक उद्यावर गेलं होतं. बोलता बोलता बाईंना एक संदर्भ आठवला. तो होता तिसऱ्या खंडात, आणि तिसरा खंड होता तळाशी. तळाचा खंड ओढायचा नाही, आधी वरचे उतरवायचे, हे त्या आपल्या विद्यार्थ्यांना दरवर्षी बजावत. फोन कानाला होता, हात एकच मोकळा होता, त्यांनी तळाचा खंड ओढला. अख्खा आयोग बाजूला कोसळला. बाजूला खडू झोपला होता. सरचिटणीसांनी काय पडलं म्हणून विचारलं, तेव्हा बाई म्हणाल्या, काही नाही, कागद.

मग त्यांनी खंड उचलले.

लेक शाळेतून यायची वेळ झाली होती. नवरा नोकरीपायी परगावी, महिन्यातून एकदा यायचा, त्यामुळे घरातलं बरंवाईट सगळं बाईंच्याच गळ्यात. त्यांनी खडूला जुन्या टॉवेलात घेतलं आणि परसात नेलं. पुरायचं हे ठरलं होतं, सांगायचं काय ते ठरत नव्हतं. टॉवेल झाडाखाली ठेवून त्या खुरपं आणायला आत गेल्या.

शेजारी नगरसेवक राहायचे. त्यांना सगळे भाऊ म्हणत. भाऊंचा पक्ष आणि बाईंची आघाडी यांचं विळ्या-भोपळ्याचं सख्य, पण कुंपणावरून साखर-चहापत्तीची देवघेव चालायची. त्या कुंपणाला एक फट होती आणि तिच्यातून भाऊंचा मेजर हवं तेव्हा येई. मेजर म्हातारा कुत्रा होता. तोंडात दात नावाला उरलेले, दुधात भिजवलेला पाव तोही भाऊंनी हातानं भरवला तरच खायचा. टॉवेलात काय आहे ते त्यानं हुंगलं, खडूला कानाला धरून हलकेच उचललं आणि हे कोणाला द्यावं म्हणून तो इकडेतिकडे पाहू लागला. तेवढ्यात फाटक वाजलं. खुरपं घेऊन बाई एका दारातून परसात आल्या, दप्तर घेऊन लेक दुसऱ्यातून.

"आई," ती म्हणाली, "मेजरनं खडूला मारलं."

हा प्रश्न असता तर बाईंनी कदाचित उत्तर दिलं असतं. त्यांनी तोंड उघडलंही होतं. पण लेक दप्तर टाकून धावत आली आणि त्यांच्या कमरेला घट्ट मिठी मारून रडू लागली. पुस्तकाच्या आणि पत्रकांच्या धबडग्यात अशी मिठी कधी पडली होती ते बाईंना आठवेना. त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि तोंडात मिठाची गुळणी धरली. शांत झाली की सांगू, असं त्यांनी ठरवलं. त्यांना लाज वाटत होती, आणि लाजेपेक्षा बरं जास्त वाटत होतं.

पण लेक शांत झाली ती झोपूनच. सकाळी उठून शाळेत गेली आणि वर्गात सांगून आली. शिक्षिका मायाळू होत्या. मुलांचं दुःख बाहेर पडावं म्हणून त्यांनी सगळ्या वर्गाला खडूची चित्रं काढायला लावली. चित्रांत खडू सगळ्यांचा एकसारखाच होता, मेजरचे दात मात्र एका बाकावरून दुसऱ्या बाकावर जाताना वाढत गेले. एका मुलाची आई आघाडीत होती. संध्याकाळच्या आत ती चित्रं सरचिटणीसांच्या टेबलावर होती आणि सरचिटणीस फोनवर.

घडलं ते वाईटच, असं त्यांनी आधी म्हणून घेतलं. मग म्हणाले की सत्ताधारी नगरसेवकाचं जनावर शेजारणीच्या लहान मुलीचा ससा फाडतं, यापेक्षा स्वच्छ मुद्दा आघाडीला आजवर मिळालेला नाही.

"अहो, त्या कुत्र्याला दात नाहीत," बाई म्हणाल्या.

"आहेत की. मी आत्ताच बघितले."

पत्रक लिहून द्यायला बाईंनी नकार दिला. बाई दुःखात आहेत असं समजून ते दुसऱ्या कुणीतरी लिहिलं, आणि बाईंपेक्षा फारच बरं लिहिलं. 'आज ससा, उद्या कोण?' असे फलक चौकाचौकांत लागले. भाऊंच्या फाटकासमोर माणसं जमू लागली. त्यांतल्या निम्म्यांनी आयुष्यात ससा पाळला नव्हता, पण गळे सगळ्यांचे दाटून आले होते. बाई खिडकीचा पडदा सारून पाहायच्या आणि पुन्हा सोडायच्या. आज सांगू, उद्या सांगू करता करता राईचा पर्वत झाला होता.

भाऊ कसलेले. ते मेजरला घेऊन पायरीवर आले आणि कॅमेऱ्यांसमोर म्हणाले की कायदा सगळ्यांना सारखा, मग तो माणूस असो की माझ्या घरातलं मुकं जनावर. असं म्हणून त्यांनी साखळी पालिकेच्या कोंडवाड्याच्या माणसाच्या हातात दिली. गर्दीनं टाळ्या वाजवल्या. आपल्यासाठीच वाजताहेत असं वाटून मेजरनं शेपूट हलवली. कुत्रा हल्ला करणारा ठरला की कोंडवाड्यात त्याला दोन दिवस ठेवत आणि मग मारायचं इंजेक्शन देत. चोर सोडून संन्याशाला सुळी, आणि संन्याशाला वाटत होतं आपल्याला फिरायला नेताहेत.

त्या दिवशी बाईंना जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी त्या आघाडीच्या कचेरीत गेल्या आणि झालं ते सगळं सरचिटणीसांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, बाईंसाठी पाणी मागवलं आणि तुमच्या मनावर ताण आलाय म्हणाले. अहवालानं ससा मरतो हे कुणाला पटेल, असंही विचारलं. ढीग केवढा होता ते बाई हातानं दाखवू लागल्या, तसे ते उठून दार लावून आले.

"मॅडम, खरं असलं तरी मतदान होऊन जाऊ दे. मग सांगा की. खरं काही नासत नाही."

तिथून बाई थेट भाऊंकडे गेल्या. त्यांनाही सगळं सांगितलं. कोपऱ्यात मेजरची वाटी धुऊन पालथी घातलेली होती. बाईंनी हात जोडले आणि चला, आत्ताच जाऊन सोडवून आणू म्हणाल्या.

"ताई, मी त्याला हातानं भरवायचो हो," भाऊ म्हणाले आणि त्यांनी डोळे पुसले. "पण आता कसा आणू? लोक येऊन माझ्या पाया पडून गेलेत. कुत्रा दिला पण न्याय सोडला नाही, म्हणताहेत. परत आणला तर माझं काय राहील?"

त्या माणसाला खरोखर रडू येत होतं आणि तो खरोखर कुत्रा आणणार नव्हता. बाईंनी अशी माणसं आजवर फक्त कागदावर पाहिली होती.

कोंडवाड्याचे डॉक्टर सज्जन निघाले, म्हणजे त्यांनी बाईंना बसायला सांगितलं. तुमचं म्हणणं समजलं, पण तुम्ही भाऊंच्या शेजारी राहता, तुमच्यावर दबाव आला नसेल कशावरून, असं ते म्हणाले. घटना पाहणारा साक्षीदार एकच आहे आणि ती तुमची मुलगी. तिनं येऊन वेगळा जबाब दिला तर कुत्रा लगेच सोडतो, नाहीतर उद्या सकाळी त्याचा नंबर आहे.

"ती लहान आहे हो," बाई म्हणाल्या.

"म्हणूनच तर सगळ्यांचा तिच्यावर विश्वास बसला."

घरी परतताना बाईंना कारखान्याचे कारकून, मुकादम, व्यवस्थापक आठवत होते. त्या सगळ्यांचे जबाब त्यांना तोंडपाठ होते. त्यांतला एकही जण धडधडीत खोटं बोलला नव्हता. रखवालदाराचं नाव कुणीतरी घेतलं, आणि बाकीचे गप्प बसले एवढंच. इतकी वर्षं बाईंनी पानोपानी त्यांना झोडपलं होतं. गप्प बसणं किती सोपं असतं, हे मात्र त्या पानांत कुठेच आलं नव्हतं. आपण पुस्तक फुकट लिहिलं असं त्यांना पहिल्यांदा वाटलं.

लेक स्वयंपाकघरात दूध पीत बसली होती. बाई समोर बसल्या आणि एका दमात बोलून गेल्या. खडू अभ्यासिकेत झोपला होता, मी खंड ओढला, ढीग पडला. मेजरनं त्याला नुसतं उचललं होतं.

लेकीनं पेला खाली ठेवला.

"लगेच मेला?"

"हो."

"म्हणजे मी आले तेव्हा तुला माहीत होतं."

"हो."

"मी रडत होते तेव्हा पण."

"हो गं."

"आणि मेजरला नेलं तेव्हा."

बाईंनी मान हलवली. लेक रडली नाही, ओरडली नाही. दोन्ही झालं असतं तर बाईंना चाललं असतं. ती उठली, बूट घालून आली आणि कोंडवाडा किती वाजता बंद होतो ते विचारलं.

डॉक्टरांनी तिला टेबलासमोर उभं करून रीतसर विचारलं की हे सांगायला तुला कुणी शिकवलं का. ती म्हणाली, नाही, आईनं इतके दिवस काही सांगितलंच नव्हतं. डॉक्टरांनी बाईंकडे पाहिलं आणि पुढचे प्रश्न विचारले नाहीत. मेजर बाहेर आला तो सगळ्यांचे हात चाटतच. भाऊंनी हक्क सोडलेला, तेव्हा कुत्रा नेणार कोण, असा प्रश्न निघाला. लेकीनं साखळी आधीच हातात घेतली होती.

बातमी पसरायला वेळ लागला नाही. बाई विकल्या गेल्या असं आघाडीनं ठरवलं, आणि बाईंनी कुत्रा लाटला असं भाऊंच्या माणसांनी. एकमेकांचं तोंड न पाहणारे दोन्ही पक्ष या एका बाबतीत बाईंच्या विरोधात एक झाले. भाऊ भरघोस मतांनी निवडून आले. मेजर बाईंच्या परसात पडलेला असला की ते कुंपणापाशी येऊन उभे राहतात. फटीवर त्यांनी फळी मारून घेतली आहे. हाक मारत नाहीत, थोडा वेळ पाहतात आणि आत जातात.

मेजरला घरी आणलं त्या संध्याकाळी लेकीनं त्याचं अंथरूण आपल्या खोलीत, आपल्या पलंगाजवळ घातलं. पाव दुधात भिजवून स्वतः भरवला. बाई अभ्यासिकेत येऊन बसल्या, पण लिहिणं काही होईना. बाहेर फरशीवर नखं वाजली. मेजर हुंगत हुंगत अभ्यासिकेच्या दारापर्यंत आला, शेपूट हलवत उंबऱ्यावर थांबला, आणि मागून आलेल्या लेकीनं त्याचा पट्टा धरला.

"मेजर, तिकडं नाही जायचं."

"येऊ दे गं त्याला," बाई म्हणाल्या. "बघ, सगळे खंड खाली मांडून ठेवलेत. आता काही पडायचं नाही."

लेकीनं खोलीभर नजर फिरवली. खंड खरंच नीट मांडलेले होते.

"नको," ती म्हणाली. "तिथं तू असतेस."

आणि आवाज होऊ नये म्हणून जपून तिनं दार ओढून घेतलं.