सासऱ्यांचा पट्टा, जावयाची चाल

पडझडसाहेबांनी तो पट्टा स्वतःच्या कमरेला बांधला तेव्हा त्यांना वाटलं होतं, सातच दिवसांचा तर प्रश्न आहे! (माणूस गोत्यात येतो तो नेहमी असल्याच ‘तर’पायी.)

पडझडसाहेब हे त्यांचं खरं नाव नव्हे, हे सांगायला नकोच. म्हाताऱ्या माणसांचं चालणं आणि तोल यांवर संशोधन करणाऱ्या एका केंद्रात ते कारकून होते. दर महिन्याच्या एक तारखेपासून यादीतल्या एकेका आजी-आजोबांना फोन लावायचा आणि तीन प्रश्न विचारायचे, हे त्यांचं काम. या महिन्यात पडलात का? कुठे पडलात? उठायला कुणाची मदत लागली? उत्तरं तक्त्यात भरायची. अकरा वर्षं हेच केल्यावर शिपायापासून सगळे त्यांना पडझडसाहेब म्हणू लागले, आणि खरं सांगायचं तर त्यांना ते आवडायचंही. वय एकावन्न, पोट थोडं पुढे, आणि पडण्यातलं आपल्याला सगळं कळतं अशी ठाम समजूत.

तर झालं असं, की नव्या अभ्यासाला साठ माणसं हवी होती आणि साठावे आजोबा ऐन वेळी मुलीकडे परदेशी निघून गेले. डॉक्टर मॅडम कपाळाला हात लावून बसल्या. पडझडसाहेबांना तेवढ्यात बोलायची हौस आली.

“माझे सासरे आहेत ना! अठ्ठ्याहत्तर वय. जन्मभर विजेच्या खांबांवर चढलेले वायरमन. अजून दुसऱ्या मजल्यावर एकटे राहतात, घरातला बल्ब स्वतः शिडी लावून बदलतात.”

“पट्टा सात दिवस घालायचाय. आंघोळीपुरता काढायचा, बस. घालतील ना?”

“मॅडम, जबाबदारी माझी.”

पट्ट्याला काडेपेटीएवढी एक डबी होती. माणसाचं प्रत्येक पाऊल, प्रत्येक वळण, खुर्चीतून प्रत्येक वेळचं उठणं ती टिपून ठेवायची. पडझडसाहेबांनी तो पट्टा सासऱ्यांना, म्हणजे नानांना, नेऊन दिला, सगळं दोनदा समजावलं आणि आठव्या दिवशी आणायला गेले. पट्टा मीटरच्या फळीशेजारी खिळ्याला लटकत होता.

“नाना, हा इथे?”

“पहिल्या दिवशी घातला की. मग टोचायला लागला.”

“अहो, पण सात दिवस...”

“तुमच्या मॅडमना बघायचंय काय, मी चालतो की नाही ते ना? चालतो. लिहून टाका.” एवढं बोलून नाना चहा टाकायला गेले, तेही दोन पाट एका पावलात ओलांडून.

आता कुठल्याही शहाण्या माणसाने मॅडमना जाऊन खरं सांगितलं असतं. पण “जबाबदारी माझी” हे स्वतःचेच शब्द पडझडसाहेबांना आडवे आले. सासऱ्यांना सर्दी झाल्यामुळे आठवडा उशीर होईल, असं मॅडमना सांगून त्यांनी डबी चार्ज केली, शून्यावर आणली आणि पट्टा आपल्या शर्टाखाली आवळला.

भीती एकच होती. आपली तरणीबांड चाल पाहून मॅडमना संशय आला तर? म्हणून पहिल्या दिवशी सकाळी ते म्हाताऱ्यासारखे चालले. छोटी पावलं, जिन्याचा कठडा धरलेला, खुर्चीतून उठताना दोन्ही हातांवर जोर.

“अहो, पाठ धरली का?” बायकोने विचारलं.

“छे छे, ठणठणीत आहे,” असं म्हणून त्यांनी ते सोंग सोडलं. मग राहिलेले दिवस ते रोजच्यासारखे वागले. म्हणजे मोबाइल वाचत जिना उतरले, हनुवटीपर्यंत फाइली घेऊन लाथेने दार उघडलं, आणि एका पायावर उड्या मारत पलंगापासून कपाटापर्यंत पँट चढवली. आठव्या दिवशी पट्टा मॅडमच्या टेबलावर होता. आपण संशोधनाचा एक खांब पडता पडता सावरला, असंच त्यांना वाटत होतं.

पुढच्या आठवड्यात मॅडमनी त्यांना आत बोलावलं. पडद्यावर वेड्यावाकड्या रेघा होत्या.

“तुमचे सासरे एकटे राहतात ना?”

“हो.”

“राहता कामा नये. साठ जणांत सगळ्यात धोक्याची चाल त्यांची आहे. पाय घासतात, वळताना तोल जातो, खुर्चीतून उठताना दोनदा मागे आपटतात. ते अजून उभे कसे आहेत, हेच मला कळत नाही.”

पडझडसाहेबांनी हळूच आपल्या पायांकडे पाहिलं.

“गंमत बघा,” मॅडम पुढे म्हणाल्या, “पहिल्या दिवशी सकाळचे तीन तास फार सुंदर चाललेत. सावध, आधार घेऊन. मग एकाएकी काय झालं कुणास ठाऊक.”

खरं बोलायला हीच वेळ होती. त्यांनी तोंड उघडलंसुद्धा. पण मॅडम म्हणाल्या, “धोका दिसला तर घरी कळवायचा आपला नियम आहे. त्यांच्या मुलीला मी सकाळीच फोन केला.”

मुलगी म्हणजे पडझडसाहेबांची बायको. ते घरी पोचले तेव्हा ती डोळे पुसत बॅग भरत होती. नानांना आजच इकडे आणायचं, त्यांची खोली सोडून द्यायची, शिडी कुणाला तरी देऊन टाकायची, असं तिचं सगळं ठरलंही होतं.

“अगं, जरा ऐक...”

“तुम्ही पट्टा बांधायला लावलात म्हणून कळलं हो! नाहीतर एक दिवस शेजाऱ्यांचा फोन आला असता.” आणि लग्नाला चोवीस वर्षं झाल्यावर तिने पहिल्यांदाच त्यांचा हात हातात घेऊन म्हटलं, “तुमच्यामुळे माझे वडील वाचले.”

अशा वाक्यानंतर खरं बोलायला जी छाती लागते, ती पडझडसाहेबांकडे नव्हती. ते “त्यात काय” असं पुटपुटले आणि मोरीत जाऊन उगाच तोंड धुऊन आले. आरशात बघवेना.

नाना आले ते तणतणतच. बायकोने त्यांच्यासाठी चार पायांचा वॉकर आणून ठेवला होता, तो त्यांनी पायाने बाजूला सारला. “माझी चाल मला माहीत नाही? कसला रिपोर्ट, आणा इकडे.” चष्मा लावून त्यांनी तो कागद वाचला. मग पुन्हा वाचला. तिसऱ्यांदा वाचून झाल्यावर त्यांनी वॉकर हळूच जवळ ओढून घेतला.

मुलगी स्वयंपाकघरात गेल्यावर त्यांनी जावयाला जवळ बोलावलं. “जन्मभर गिऱ्हाइकांना सांगत आलो, तुम्हाला काय वाटतं ते सोडा, मीटर खोटं बोलत नाही. आता माझ्या वेळेला कसं बोलेल?” मग आवाज आणखी खाली आणून म्हणाले, “एकच दिवस घातला होता हो. तेवढ्यात एवढं सापडलं. सात दिवस घातला असता तर काय निघालं असतं! पण मॅडमना सांगू नका हं मी काढून ठेवला होता ते. तुमच्या नोकरीचा प्रश्न आहे.”

पडझडसाहेबांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांच्या खोटेपणावर पांघरूण घालायला खुद्द तो फसलेला माणूसच निघाला होता.

तिसऱ्या दिवशी त्यांनी पाहिलं ते आणखी वाईट होतं. नाना खिडकीकडे निघाले होते, भिंतीला हात लावून. उंबऱ्याशी थांबले, खाली बघितलं, पाय उचलला, परत ठेवला. तीस-तीस फुटी खांबांवर एका हाताने काम केलेला माणूस तो! मागे वळून म्हणाले, “जावईबापू, जरा हात देता?” त्यांनी हात दिला. नानांच्या पायांना काहीही झालेलं नव्हतं, झालं होतं ते मनाला, आणि ते आपण केलं, हे पडझडसाहेबांना स्वच्छ कळत होतं. अकरा वर्षांत त्यांनी शेकडो वेळा ऐकलं होतं, की पडण्याची भीती बसली की माणूस घरात बसतो, आणि घरात बसला की खरंच पडतो. त्या दिवशी जेवण गेलं नाही. (म्हणजे दुसऱ्यांदा वाढून घेतलं नाही.)

रविवारी सगळे नानांच्या खोलीवर सामान बांधायला गेले. बायकोने अंथरुणाची वळकटी बांधून दारात ठेवली. नानांनी आपली हत्यारांची पेटी उघडली, टेस्टर काढून पुसला आणि जावयाच्या हातात दिला.

“तुम्ही ठेवा. मला आता कशाला लागतोय?”

पॅसेजमधला बल्ब गेलेला होता. सवयीने नानांचा हात शिडीकडे गेला, आणि तसाच मागे आला. “नको. तुम्हीच चढा.”

पडझडसाहेब चढले. तिसऱ्या पायरीवर पोचले, खाली पाहिलं. नाना दोन्ही हातांनी भिंत धरून उभे होते आणि जावई पडू नये म्हणून काळजीने वर बघत होते. ते बघवलं नाही.

“नाना, ती चाल तुमची नाही! माझी आहे!” ते ओरडले, आणि ओरडताना दोन्ही हात छातीशी नेले. शिडीवर दोन्ही हात छातीशी न्यायचे नसतात. पुढच्या क्षणी ते वळकटीवर उताणे पडले होते.

“काय म्हणालात?” बायको हातातलं पातेलं घेऊन बाहेर आली.

त्यांनी पडल्या पडल्याच सगळं सांगितलं. सर्दी, डबी, पँट, सगळं. उभं राहून सांगायचं धाडस नव्हतं, आणि उठताही येत नव्हतं. बायको एक शब्द बोलली नाही. ती नुसती पातेल्याकडे आणि त्यांच्याकडे आळीपाळीने बघत राहिली, आणि ते फार वाईट होतं.

“म्हणजे मी?” नानांनी विचारलं.

“तुम्ही ठणठणीत आहात, नाना. मला माफ करा.”

नानांनी भिंतीवरचा एक हात काढला. मग दुसरा. शिडी सरळ केली, तिला दोनदा हलवून पाहिलं, आणि हळूहळू, एकेक पायरी मोजत, वर गेले. बल्ब बसवला. उजेड पडला आणि त्या उजेडात वळकटीवरचे पडझडसाहेब सगळ्यांना आणखी नीट दिसले. वरून नानांच्या हसण्याचा आवाज आला. आठ दिवसांत पहिल्यांदाच ते हसत होते. खाली उतरून त्यांनी जावयाला हात दिला. “उठा. आणि मॅडमना तुम्ही स्वतः सांगा.”

पडझडसाहेबांनी सांगितलं. त्या अर्ध्या तासाबद्दल न बोललेलंच बरं. पट्ट्यातली ती माहिती रद्द झाली, नानांनी नवा पट्टा सात दिवस कुरकुरत का होईना घातला, आणि साठ जणांत त्यांचा दुसरा नंबर आला. फोनचं काम मॅडमनी पडझडसाहेबांकडून काढून घेतलं आणि हौसेने करतो म्हणणाऱ्या नानांना दिलं. पडझडसाहेबांना मात्र फोनच्या यादीत आणि तोल सुधारण्याच्या वर्गात घातलं. तिथे अकरा आज्यांच्या मधोमध ते खुर्चीची पाठ धरून एका पायावर उभे राहतात. आज्या खुर्ची धरत नाहीत.

पुढच्या एक तारखेला घरचा फोन वाजला.

“या महिन्यात पडलात का?” पलीकडून नाना. आवाज अगदी सरकारी.

“नाही हो नाना, मी कशाला...”

“अहो, काल कोण पडलं?” आतून बायको ओरडली. (ती बोलायला लागली होती, पण असंच काहीतरी.)

“पडलो.”

“कुठे?”

“कपाटासमोर. पँट घालताना.”

“उठायला कुणाची मदत लागली?”

त्यांनी कोपऱ्याकडे पाहिलं. बायकोने ती वस्तू परत केलीच नव्हती, म्हणाली होती, असू दे घरात.

“वॉकरची,” ते म्हणाले.