दौलतराव गव्याचा कोरडा पाला

एका जंगलात, बाळांनो, पाहुण्याने हावरट दिसायचं नाही असा कडक रिवाज होता. पाहुण्याने "नको नको" म्हणायचं. यजमानाने "असं कसं, असं कसं" म्हणत वाढायचं. पाहुण्याने पानावर आडवा खूर धरायचा आणि यजमानाने खुराच्या फटीतून वाढायचं. मग पाहुणा पोटभर खायचा आणि घरी जाऊन सांगायचा, "इतका आग्रह केला की नाइलाज झाला." सगळे सुखात होते. म्हणजे अजून सुधारले नव्हते.

त्या जंगलात दौलतराव नावाचा गवा राहायचा. गवा म्हणजे म्हशीच्या दुप्पट अंग आणि त्याहून मोठी भूक. त्याची बायको प्रमिलाबाई. त्यांची एकुलती एक मुलगी नंदा. नंदाला पलीकडच्या डोंगरावरच्या हैबतरावांच्या मुलाचं स्थळ सांगून आलं होतं. मुलगा गरीब स्वभावाचा, कुरण मोठं. पण हैबतराव सहकुटुंब युरोप पाहून आले होते आणि तेव्हापासून त्यांना इकडचं काहीच धड दिसत नव्हतं.

"आपणही जाऊन आल्याशिवाय हे जमायचं नाही," दौलतराव म्हणाले.

जंगलात कोल्ह्याची टूर कंपनी होती. तुम्हाला वाटलं असेल, वाघाची असेल. वाघाला एवढं गोड बोलता येत नाही.

"साहेब, तिकडे पाल्याला सॅलड म्हणतात," कोल्हा म्हणाला. "नुसतं नाही खात कोणी. वर ड्रेसिंग! पांढरं, गुलाबी, लसणाचं, मधाचं. वाट्यांची रांग लागते. हवं ते घ्या, हवं तेवढं घ्या."

प्रमिलाबाईंच्या तोंडाला तिथेच पाणी सुटलं.

युरोपात नदीकाठच्या एका हॉटेलात दोघं उतरले. वेटर होता करकोचा. पांढऱ्या अंगावर काळे पंख, म्हणजे कोट जन्मतःच अंगावर. त्याने दोघांपुढे बशा ठेवल्या. बशीत चार हिरवी पानं आणि अर्धा टोमॅटो होता.

"अहो, असला पाला तर आपल्या ओढ्याकाठी माकडं तुडवतात," प्रमिलाबाई कुजबुजल्या. "आणि वाट्यांची रांग कुठाय?"

रांग नव्हती. तेलाची एक आणि व्हिनेगरची एक, अशा दोन बाटल्या होत्या. तिकडे तेवढंच घालतात. कोल्हा कधी गेला होता तिकडे!

"घालू का थोडं?" करकोच्याने अदबीने विचारलं.

दौलतराव घरंदाज. ते म्हणाले, "छे छे, नको नको. कशाला त्रास!" आणि आग्रहाची वाट पाहत बसले.

करकोचा "बरं" म्हणाला आणि बाटल्या घेऊन गेला.

मग तो पावाची टोपली घेऊन आला. "नको नको," दौलतराव म्हणाले. टोपलीही गेली. सूप गेलं. चीज गेलं. दौलतराव प्रत्येक वस्तूकडे ती दाराआड होईपर्यंत बघत राहिले. असा निर्दय मुलूख त्यांनी पाहिला नव्हता.

रोज हेच. करकोचा रोज विचारायचा, दौलतराव रोज नको म्हणायचे आणि दोघं कोरडा पाला चघळून फोटो काढायचे.

"मी एकदा हो म्हणू का?" प्रमिलाबाईंनी विचारलं. त्यांना आता उभं राहिलं की चक्कर यायची.

"खबरदार! काय म्हणतील? हावरट!"

शेवटच्या दिवशी करकोच्याने बाटल्या पुढे केल्या आणि प्रमिलाबाई मान खाली घालून म्हणाल्या, "हो."

करकोच्याला इतका आनंद झाला की त्याने तेल घातलं, व्हिनेगर घातलं, मीठ भुरभुरलं, वर पाव आणून ठेवला. त्याच चार पानांना काय चव आली! प्रमिलाबाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

"बाई, मी रोजच विचारत होतो की," करकोचा म्हणाला. "आमच्याकडे पाहुण्याचा शब्द खोटा धरत नाहीत."

दौलतराव दुसरीकडे बघत उपाशी बसले. बायकोची त्यांना लाज वाटत होती.

दोघं घरी आल्यावर हैबतराव मुलाला आणि पत्नीला घेऊन मुलगी बघायला आले. प्रमिलाबाईंनी बांबूचे कोवळे कोंब आणले होते, मोहाच्या फुलांची टोपली भरली होती.

"ते सगळं आत ठेव," दौलतराव म्हणाले. "ते युरोप पाहून आलेत. त्यांना साजेसंच वाढायचं. आणि विचारायचं एकदाच!"

पाहुण्यांपुढे चार-चार पानं आली. दौलतरावांनी तेलाचा आणि चिंचेच्या पाण्याचा असे दोन बुधले पुढे केले. "ड्रेसिंग?"

"इश्श, नको नको, कशाला!" विहीणबाई सवयीने म्हणून गेल्या.

दौलतरावांनी बुधले उचलले आणि आत नेऊन ठेवले.

विहीणबाईंची नजर दारापर्यंत गेली आणि तिथेच राहिली. मुलाने पान उलटून खाली काही आहे का पाहिलं. ती मंडळी डोंगर उतरून सकाळपासून चालत आली होती.

"वा!" हैबतराव म्हणाले. "अगदी तिकडच्यासारखं! आम्ही तिकडे असंच जेवत होतो."

आणि ते खोटं नव्हतं.

तेवढ्यात विहीणबाईंच्या पोटात मोठ्याने गुरगुरलं. "ढग आलेत वाटतं," त्या म्हणाल्या. बाहेर लख्ख ऊन होतं.

ते प्रमिलाबाईंना सहन झालं नाही. उपाशी पोटाचा तो आवाज त्यांनी परदेशात रोज ऐकला होता. त्या आत गेल्या, मोहाची टोपली घेऊन आल्या आणि विहिणीपुढे बसल्या. "घ्या, विहीणबाई."

"नको नको..."

"असं कसं? तुम्हाला माझी शपथ आहे!"

विहीणबाईंचे डोळे भरून आले. किती दिवसांनी कोणी शपथ घातली होती! त्यांनी तोंड उघडलं.

"हे काय?" हैबतराव गरजले. "आग्रह? इतका गावठीपणा?"

विहीणबाईंनी तोंड मिटलं. मंडळी उठली. दारातून हैबतराव एवढंच म्हणाले, "मुलगी चांगली आहे. पण घरात आग्रहाने वाढतात."

स्थळ मोडलं. दौलतराव डोकं धरून बसले. "तुझ्या त्या टोपलीने पोरीचं वाटोळं केलं!"

नंदा पाहुण्यांना वाटेला लावायला वळणापर्यंत गेली होती. तिथे करवंदीच्या जाळीमागे तिने तिघांना पाहिलं. हैबतराव, विहीणबाई आणि नवरामुलगा, तिघंही खाली मान घालून धुळीने माखलेलं गवत ओरबाडत होते.

"लवकर आटप," हैबतराव भरल्या तोंडाने मुलाला म्हणत होते. "कोणी बघेल!"

नंदा गुपचूप घरी आली आणि आईजवळ बसली.

"आई, ती टोपली आण. मला भूक लागलीय."

"अगं, आधी नको म्हणायचं असतं," दौलतराव कळवळून म्हणाले.

"वाढ," नंदा म्हणाली. "अजून वाढ."

प्रमिलाबाई वाढत राहिल्या.

तात्पर्य : भुकेल्या पाहुण्याला कधीही जेवू घालू नये. तसं केल्याने त्याची युरोप-सहल उघडी पडते, आणि हा अपमान तो जन्मात विसरत नाही.